दहावीनंतर गणित ठेवावं की सोडावं? मराठवाड्यातल्या पालकांचे आणि मुलांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी गणित शिकवतो. आधी हायस्कूलला होतो, आता कनिष्ठ महाविद्यालयात आहे. दहावीचा निकाल लागला की घरी माणसं यायला लागतात. नेमकी तीच वेळ बी-बियाणं, खतं आणि पेरणीच्या धांदलीची असते. बाप दुकानासमोर रांगेत उभा, फॉर्म भरायला चुलतभाऊ किंवा नेट कॅफेवाला. अशा गडबडीत गणित घ्यायचं की नाही, हे एका बटणावर ठरून जातं. गणित सोडायला पाच मिनिटं पुरतात, परत धरायला मात्र वर्षं जातात. म्हणून दरवर्षी तेच ते विचारले जाणारे प्रश्न एकदा नीट लिहून काढले आहेत.

लेकराला दहावीला गणितात ५५ पडलेत. सायन्सला घालावं का?

नुसत्या ५५ वरून सांगता येत नाही. राज्य मंडळाच्या दहावीत गणिताचे १०० गुण असतात. भाग १ म्हणजे बीजगणित ४० गुणांचं, भाग २ म्हणजे भूमिती ४० गुणांची, आणि अंतर्गत मूल्यमापन २० गुणांचं. अंतर्गतचे गुण बहुतेकांना भरभरून मिळतात. म्हणजे ५५ मधले १९ बाजूला काढा, लेखी परीक्षेत ८० पैकी ३६ उरले. खरा आकडा तो.

आता ते ३६ कुठून आले, हे बघा. पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका घरात असतील तर काढा. भूमितीत प्रमेयं आणि रचना राहिल्या असतील, पण बीजगणित बरं असेल, तर मला काळजी वाटत नाही. उलटं असेल, म्हणजे रचना, पाठ केलेली प्रमेयं यांवर गुण मिळाले आणि वर्गसमीकरणात गाडी अडली, तर थांबून विचार करा. कारण अकरावी-बारावीचं सगळं गणित बीजगणिताच्या खांद्यावर उभं आहे. डेरिव्हेटिव्हचा नियम अर्ध्या तासात समजतो. चुका होतात त्या नियम लावल्यानंतरच्या सरळरूपात.

मी घरी आलेल्या मुलाला एक कोरा कागद देतो आणि पाच गोष्टी विचारतो. तीन-चतुर्थांशातून दोन-पंचमांश वजा कर. उणे तीनचा वर्ग किती. अ अधिक ब या कंसाचा वर्ग लिही. एखाद्या वर्गसमीकरणाचे अवयव पाड. दोन चलांतली दोन समीकरणं सोडव. तिसऱ्या प्रश्नाला 'अ वर्ग अधिक ब वर्ग' असं लिहून मोकळी होणारी मुलं दहावीला ७० घेतलेलीही असतात. ही चूक आठवीतली आहे, तिचा बुद्धीशी काही संबंध नाही. मे-जूनमध्ये रोज दीड तास आठवी-नववीची पुस्तकं घेऊन बसलं तर सहा आठवड्यांत ती निघते. त्या सहा आठवड्यांत मूल स्वतःहून बसतंय का, हे बघूनच निर्णय घ्या. माझ्या मते मार्कांपेक्षा हीच कसोटी जास्त खरी बोलते.

गणित नसलं तर नेमकं काय काय बंद होतं?

इंजिनिअरिंगची पदवी जवळजवळ पूर्ण बंद होते. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो, नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंगजी संस्था असो की खासगी कॉलेज असो, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. आर्किटेक्चरला गणित लागतं. एनडीएतून हवाई दल किंवा नौदलात जायचं तर लागतं. बीएस्सीला गणित किंवा संख्याशास्त्र घ्यायचं असेल तर उघडच आहे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्स करायचं असेल तर तिथेही लागतं, आणि ही गोष्ट आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असते.

गणित नसूनही चालतं अशा जागाही बऱ्याच आहेत. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, पशुवैद्यकीय, नर्सिंग या सगळ्यांना जीवशास्त्र हवं, गणित नको. बी. फार्म.ला दोन्हींपैकी काहीही चालतं. बीएस्सी कृषीचंही तसंच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषीला जायचं असेल तर गणित गट आणि जीवशास्त्र गट दोघांनाही वाट आहे. मात्र कृषी अभियांत्रिकी म्हटलं की गणित आलंच. शेतकऱ्याच्या घरातली मुलं या दोन अभ्यासक्रमांत नेहमी गल्लत करतात.

पोरीला डॉक्टरच व्हायचंय. मग गणित कशाला?

'नीट'ला, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला, गणिताचा पेपर नाही, हे खरं. पण नीटच्या ७२० गुणांत भौतिकशास्त्राचे १८० आहेत, आणि भौतिकशास्त्र गणिताशिवाय चालत नाही. सदिश, त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, थोडं डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन हे सगळं तिथे हवंच. जीवशास्त्रात ३०० च्या वर घेणारी आणि भौतिकशास्त्रात ४० वर अडकलेली मुलं मी खूप पाहिली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी जूनमध्ये गणितावर काट मारली होती आणि नंतर ते पुस्तक उघडलंच नव्हतं.

म्हणून गणित विषय म्हणून सोडा हवं तर, पण अकरावीच्या पुस्तकातली त्रिकोणमिती, फलन, सीमा आणि विकलन (म्हणजे डेरिव्हेटिव्ह) ही प्रकरणं भौतिकशास्त्राच्या शिक्षकांकडून आधी करून घ्या. चांगले शिक्षक पहिले तीन आठवडे हेच शिकवतात.

मग चारही विषय ठेवले तर? पीसीएमबी झेपतं का?

यावर माझं मत ठाम आहे, आणि सगळ्यांना ते पटत नाही. पहिल्या वर्षी चारही ठेवावेत. राज्य मंडळात अकरावीला इंग्रजी, एक भाषा किंवा दुसरा ऐच्छिक विषय, आणि भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र असे सहा विषय बसतात. एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेत, पीसीएम (गणित गट) आणि पीसीबी (जीवशास्त्र गट) हे गट वेगवेगळे असतात आणि दोन्ही परीक्षा देता येतात. नीटमध्ये नाही जमलं तर वर्ष वाया न घालवता इंजिनिअरिंगची वाट उघडी राहते.

आपल्या भागात ही गोष्ट हलकी नाही. नीटला बसणारी मुलं किती आणि सरकारी जागा किती, हे प्रमाण सगळ्यांना दिसतंय. तरी मे महिन्यात प्रत्येक घराला वाटतं, आपलं लेकरू लागणारच. लागो, मनापासून लागो. पण दोनदा रिपीट करून विसाव्या वर्षी घरी आलेल्या मुलाला मी काय सांगू? गणित असतं तर चार गोष्टी सांगता आल्या असत्या.

चारही विषय झेपत नाहीत असं दिसलं, म्हणजे पहिल्या घटक चाचणीनंतर सगळेच विषय घसरले, तर मग एक सोडा. तेव्हा सोडलेलं समजून-उमजून सोडलेलं असतं. पण ते अकरावीतच ठरवा. बारावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याची वेळ आली की विषय बदलणं अवघड होऊन बसतं.

जीवशास्त्र नकोच असेल तर गणितासोबत कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स हा २०० गुणांचा बायफोकल, म्हणजे दोन विषयांच्या जागी बसणारा व्यावसायिक विषय घेता येतो. त्याच्या जागा कमी असतात, त्यामुळे कॉलेज निवडतानाच चौकशी करा.

दहावीला ९२ होते, अकरावीच्या पहिल्या चाचणीत १८. सर, लेकरू रडायलंय. असं का झालं?

दर सप्टेंबरला एक तरी बाप हेच सांगत येतो.

दहावीचा पेपर ओळखीच्या उदाहरणांचा असतो. सरावसंच तीनदा सोडवला की पेपरात तोंडओळखीचीच गणितं भेटतात. अकरावीत तसं नाही. संमिश्र संख्या, फलन, सीमा या कल्पना नव्या असतात आणि त्यांचा दहावीच्या कुठल्याच धड्याशी सरळ सांधा लागत नाही. शिवाय भाषा बदलते. आणि अकरावीची परीक्षा बोर्डाची नाही म्हणून बरेच जण, कॉलेजंसुद्धा, ते वर्ष हलक्यात घेतात. मी स्वतः पूर्वी जिथे शिकवत होतो तिथे अकरावीची त्रिकोणमिती पंधरा दिवसांत उरकून डिसेंबरातच बारावी सुरू केली जायची. मुलं पुढे दोन वर्षं त्रिकोणमितीची सूत्रं पाठ करत राहिली, ती येतात कुठून हे त्यांना कधी कळलंच नाही. मी तेव्हा जोरात बोलायला हवं होतं.

हिशोबानं बघितलं तरी अकरावी टाकणं परवडत नाही. एमएचटी-सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर असतात. जेईईत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या देशपातळीवरच्या परीक्षेत, तर दोन्ही वर्षांना सारखाच मान आहे. आणि बारावीचं इंटिग्रेशन अकरावीच्या त्रिकोणमितीशिवाय एक पाऊल पुढे सरकत नाही.

१८ पडले म्हणून नोव्हेंबरात गणित सोडू नका. दिवाळीच्या सुट्टीत मागची दोन प्रकरणं पहिल्या पानापासून पुन्हा करा, फक्त दोनच. दुसऱ्या सत्रात चाळिशी गाठणारी मुलं बारावीला ८० च्या वर जाताना मी पाहिली आहेत.

मराठी माध्यमातून आलोय. सायन्सचं गणित इंग्रजीतून जमेल?

जमतं, पण तयारी जूनच्या आधी सुरू व्हायला हवी. गणितात चिन्हं तीच असतात, अडतं ते शब्दांवर. बहुपदीला पॉलिनॉमिअल, वर्गसमीकरणाला क्वाड्रॅटिक इक्वेशन, महत्त्वमापनाला मेन्सुरेशन, श्रेढीला प्रोग्रेशन. असे शे-सव्वाशे शब्द आहेत. नववी-दहावीचं इंग्रजी माध्यमाचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. ते आणि आपलं मराठी पुस्तक शेजारी-शेजारी ठेवून एक वही करा. आशय तोच असतो, पान जवळजवळ तेच असतं, त्यामुळे शब्द आपोआप बसतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही मिळतात, पण गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. जेईई मेन मराठीतून देता येते. तरीही वर्गात सगळं इंग्रजीत शिकून परीक्षा मराठीत देण्याचा सल्ला मी देत नाही. 'विकलज' (डेरिव्हेटिव्ह) आणि 'संकलन' (इंटिग्रेशन) वाचताना तिथेच अर्धा मिनिट जातो.

मराठी माध्यमाच्या मुलांना संकल्पना बहुधा पक्क्या असतात, कारण त्या त्यांच्या बोलण्याच्या भाषेत कळलेल्या असतात. पहिले तीन महिने ती मागे दिसतात. ते तीन महिने घरच्यांनी दम धरावा.

आठवी-नववीत काय केलं तर हा सगळा गोंधळ टळेल?

नववी सांभाळा. आमच्याकडे नववीला 'मधलं वर्ष' म्हणतात आणि डिसेंबरापासूनच दहावीचे क्लास लावतात. पण संच, वास्तव संख्या, बहुपदी आणि निर्देशक भूमितीची सुरुवात, हे सगळं नववीत आहे. अकरावीचा पाया तोच.

घरातलं गणित हातात द्या. शेताचा बांध तिरका असेल तर त्रिकोण पाडून क्षेत्रफळ काढायला सांगा. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. सोयाबीनची आडत, तोलाई, हमाली वजा जाऊन हातात किती आले, ही पट्टी मुलीकडून तपासून घ्या. दहावीच्या अर्थनियोजनात जीएसटी आणि शेअर्स येतात तेव्हा ही मुलं अडखळत नाहीत.

आवड दिसली तर आठवीपासून गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी असलेली आयओक्यूएम परीक्षा देता येते. तीन तासांत ३० प्रश्न. निवड झाली नाही तरी चालेल, तसले प्रश्न शाळेच्या पुस्तकात भेटत नाहीत.

सीबीएसईच्या शाळेत बेसिक आणि स्टँडर्ड असं विचारतायत. काय भरू?

राज्य मंडळात आता असा पर्याय नाही. सीबीएसईत २०२० च्या दहावीच्या परीक्षेपासून तो आला. अभ्यासक्रम एकच असतो, बेसिकचा पेपर सोपा असतो. मूळ नियम असा होता की बेसिक घेतलेल्याला अकरावीत मुख्य गणित घेता येत नाही, अप्लाइड मॅथेमॅटिक्स घेता येतं. पुढे मंडळाने वेळोवेळी यात सवलत दिली. सवलतीच्या भरवशावर राहू नका. सायन्स किंवा इंजिनिअरिंगचा जरा जरी विचार असेल तर स्टँडर्डच भरा. कॉमर्स किंवा आर्ट्स पक्कं असेल तर बेसिक घेण्यात काही कमीपणा नाही.

कॉमर्सला गणित घेऊ की एसपी?

बहुतेक कॉलेजांत गणित किंवा सेक्रेटरियल प्रॅक्टिस यांतलं एक घ्यावं लागतं. पोरं एकमेकांना सांगतात, 'एसपी घे, पाठ करून निघतं.' निघतं, खरं आहे. पण सीए फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी एक १०० गुणांचा पेपर व्यावसायिक गणित, लॉजिकल रीझनिंग आणि संख्याशास्त्राचा असतो, आणि त्यात चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. सीए व्हायचं मनात असेल आणि गणिताशी दोन वर्षं बोलणंच बंद केलं असेल, तर त्या पेपरात दमछाक होते.

कॉमर्सचं गणित सायन्सच्या गणितासारखं नाही, हेही सांगायला हवं. कमिशन आणि दलाली, विमा आणि वार्षिकी, निर्देशांक, काळश्रेणी, रेषीय प्रोग्रॅमिंग असे धडे त्यात येतात. अडत दुकानात वाढलेल्या मुलाला यातलं अर्धं ओळखीचं असतं. दहावीला ५० च्या वर असतील तर मी गणितच घ्यायला सांगतो. बँकेच्या परीक्षा, एमबीएची सीईटी, सगळीकडे ते कामाला येतं.

आर्ट्सला गणित घेता येतं का?

नियमानं येतं. कला आणि विज्ञान शाखेसाठी गणित-संख्याशास्त्राचा एकच विषय आहे. पण आपल्या तालुक्यांत आर्ट्सच्या वर्गाला गणिताचा शिक्षक क्वचितच मिळतो. आर्ट्स घेऊन स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आणि बुद्धिमत्ता चाचणी हे वेगळे भाग आहेत. विषय म्हणून गणित नसलं तरी सातवी-आठवीचं शेकडेवारी, काळ-काम-वेग, गुणोत्तर-प्रमाण विसरून चालत नाही.

अकरावी-बारावी करावी की दहावीनंतर सरळ डिप्लोमा?

गणित बेताचं असलेल्या, पण हातानं काम करायला आवडणाऱ्या मुलासाठी डिप्लोमा ही चांगली वाट आहे. लातूर, नांदेड, बीड, जालना, हिंगोली, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडे शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. तीन वर्षांनी नोकरी करता येते, किंवा थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो.

पण 'डिप्लोमाला गणित नसतं' हे जे सांगितलं जातं ते खोटं आहे. पहिल्याच वर्षी गणित असतं. आणि थेट दुसऱ्या वर्षाला गेल्यावर जे इंजिनिअरिंग गणित समोर येतं त्याला बारावी करून आलेली मुलं थोडी सरावलेली असतात, डिप्लोमावाली नसतात. डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत बारावीच्या पुस्तकातलं इंटिग्रेशन आणि डिफरेन्शिअल इक्वेशन करून घेतलं तर हे अंतर भरून निघतं. माझे काही विद्यार्थी दर उन्हाळ्यात यासाठीच येतात.

आयटीआयलाही वर्कशॉप कॅल्क्युलेशन असतं. त्रिज्या, व्यास, टक्केवारी, एकक बदल. फिटर-टर्नरला ते रोज लागतं.

एनडीएसाठी गणित किती लागतं?

भरपूर. लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे आहेत. लष्करासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी भौतिक, रसायन आणि गणित हवं. लष्करासाठी आर्ट्सवाल्यालाही तो ३०० गुणांचा पेपर द्यावाच लागतो. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. दहावीत असतानाच तिची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि निवड झालेली मुलं तिथे राहून अकरावी-बारावी करतात. मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला सुरू झाली आहे. जाहिरातीकडे दहावीच्या सुरुवातीपासूनच लक्ष ठेवा. निकालानंतर विचारायला येणाऱ्यांची वेळ निघून गेलेली असते.

जेईई करावी की सीईटी पुरे?

राज्यातल्या कॉलेजात जायचं असेल तर सीईटी पुरे. तिच्यात गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं, आणि चुकलं तरी गुण कापले जात नाहीत. जेईई मेनमध्ये तिन्ही विषयांचे मिळून ७५ प्रश्न, ३०० गुण, आणि चूक झाली की एक गुण वजा. सीईटीत वेग लागतो, जेईईत एकेका प्रश्नाशी झुंज असते.

एनआयटीत, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, जायचं असेल तर जेईई हवी, आणि त्यासोबत बारावीला ७५ टक्केही हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ६५). बोर्ड सोडून नुसते एमसीक्यू सोडवणाऱ्यांनी हे वाचावं. माझा सल्ला असा की अकरावी जेईईच्या खोलीनं करा आणि बारावीच्या ऑक्टोबरात स्वतःच्या चाचण्यांवरून ठरवा. खोलीनं केलेलं गणित सीईटीत वाया जात नाही. उलटं मात्र होत नाही.

लातूरला पाठवावं का?

हा प्रश्न गणिताचा कमी आणि घराचा जास्त आहे. लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांनी शिस्त, सराव चाचण्या आणि उजळणी यांच्या जोरावर जे उभं केलं, त्याचा मला अभिमान आहे. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून हजारो लेकरं तिथे खोली करून राहतात. पण 'लातूर पॅटर्न' म्हणजे शेवटी रोज सोडवणं आणि चुका तपासणं. ज्या मुलाला मघाचे पाच प्रश्न येत नाहीत त्याला तिथला वेग मागेच टाकतो. आधी पाया, मग लातूर. आणि पाठवायचं म्हणून शेत गहाण टाकू नका. चांगले शिक्षक अंबाजोगाईत आहेत, उदगीरला आहेत, नांदेड-परभणीतही आहेत.

आता अकरावीचा प्रवेश २०२५-२६ पासून राज्यभर ऑनलाइन झाला आहे, फॉर्ममध्ये दहापर्यंत पसंती देता येतात. पसंती भरण्याआधी त्या कॉलेजात गणित रोज शिकवलं जातं का, की फक्त नावापुरता प्रवेश आणि सगळं क्लासवर, हे तिथल्या दोन विद्यार्थ्यांना विचारा.

मुलीला गणित जड जातं म्हणतात. आर्ट्सला टाकावं का?

मुलगी आहे म्हणून गणित जड जात नाही. माझ्या वर्गात सगळ्यात नीट पायऱ्या लिहिणाऱ्या मुलीच असतात. त्यांना जड जातं ते घरी आल्यावर भांडी-धुणं आणि धाकट्या भावंडांना सांभाळून मग वही उघडणं. गणिताला सलग दीड तास लागतो, तुकड्या-तुकड्यांत ते होत नाही. तेवढा वेळ तिला द्या आणि मग ठरवा.

खर्चाची भीती असेल तर दोन गोष्टी माहीत असू द्या. गावाकडून एसटीनं येणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. आणि २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. 'पोरीच्या इंजिनिअरिंगला पैसा कुठून आणू' म्हणून दहावीतच गणित सोडायला लावणाऱ्या बापांना मी हे आवर्जून सांगतो.

दहावीला गणितातच राहिला. आता?

आधी गुणपत्रिका नीट वाचा. गणित आणि विज्ञान यांत प्रत्येकी किमान २५ आणि दोन्ही मिळून ७० असतील तर तो उत्तीर्ण धरला जातो. तेही नसेल तर पुरवणी परीक्षा आहे, आणि एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. पण एटीकेटीवर सायन्सला घालण्याचा हट्ट करू नका.

मला गणितच करायचंय. इंजिनिअरिंग नको. लोक हसतात.

हसू दे. बंगळूरूला भारतीय सांख्यिकी संस्थेत बी. मॅथ., कोलकात्याला बी. स्टॅट., चेन्नईला मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, पुण्याला आयसर (विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था). या सगळ्यांच्या प्रवेश परीक्षा बारावीच्या वर्षातच असतात. आयसरच्या परीक्षेत गणित, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे प्रत्येकी १५ प्रश्न येतात, म्हणून चारही विषय ठेवलेल्यांना ती सोयीची जाते. हे नाही जमलं तर आपल्या विद्यापीठांत बीएस्सी, एमएस्सी आहेच. माझा स्वतःचा रस्ता तोच.

गणित सोडलं होतं, आता परत हवंय. काही मार्ग?

आहे. राज्य मंडळात बारावी उत्तीर्ण झालेल्याला 'तुरळक विषय', म्हणजे फक्त हवा तो विषय, घेऊन परीक्षेला बसता येतं. फॉर्म आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातून भरायचा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातूनही एखादा विषय जादा घेता येतो. ज्या अभ्यासक्रमाला जायचं आहे त्याच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असा विषय ग्राह्य धरतात का, हे फॉर्म भरण्याआधी वाचा.

अभ्यास एकट्यानं करावा लागतो. अकरावीची त्रिकोणमिती, फलन आणि सीमा यांना दोन महिने द्या, मग बारावीचा भाग २ आधी घ्या, कारण विकलन-संकलनाला मुरायला वेळ लागतो. तर्कशास्त्र, सारण्या, रेषीय प्रोग्रॅमिंग हे धडे शेवटी घेतले तरी चालतात. प्रात्यक्षिकाचे २० गुण असतात, त्याची वही कॉलेजात विचारून वेळेत पूर्ण करा.

दोन वर्षं नीटची तयारी करून आलेली एक मुलगी गेल्या वर्षी याच वाटेनं गेली. पहिल्या दिवशी मी तिला तोच कोरा कागद दिला. पाचपैकी दोन आले. आम्ही आठवीच्या पुस्तकापासून सुरुवात केली.